पाय टेकतो का बघ

म्हापशात, शुक्रवारचा बाजार उठता उठता,
जुन्या गाड्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी लाल टाकीवर हात ठेवला
आणि तो काढवेना.
साडेतीनशे सीसी. आवाज असा, की
शेजारच्या चणेवाल्याच्या तराजूत चणे थरथरले.
मालक फळदेसाय म्हणाला, "मॅडमना शोभते."

इनासमाम काही बोलला नाही.
एकतीस वर्षं पायलट होता तो, पिवळ्या मडगार्डचा.
पणजीच्या बसस्टँडवरून कोणाकोणाला पोचवलं त्यानं,
नवरदेव, भटजी,
एकदा कवेत टीव्ही धरून बसलेली म्हातारी.
त्यानं गाडी स्टँडवरून काढली,
म्हशीला बसवावं तशी हळूच आडवी केली
आणि मला म्हणाला, "उबी कर, बाये."

फळदेसाय ओरडला, रंग जाईल, आरसा फुटेल.
मी हँडल धरलं, ढोपर लावलं, कंबर लावली,
एकदा देवाचं नाव घेतलं, एकदा दुसरंच काही.
गाडी वीतभर उठली आणि पुन्हा निजली,
माझी ओढणी अंगाखाली घेऊन.
"पडना असो कोण ना," इनासमाम म्हणाला.
"पण रात्री चोडणच्या बांधावर पडलीस,
तर उचलायला कोण येणार? मगर?"

मी घरोघरी जाऊन रक्त गोळा करते.
पहाटेपासून उपाशीपोटी वाट बघणारी माणसं,
पाठीवर बर्फाचा डबा, डब्यात नळ्या.
सुई धरलेला माझा हात कधी हलत नाही.
क्लच धरला की हलतो.
सगळे म्हणतात, स्कूटर घे की, चव्वेचाळीस वय.
का नको, ते मला नीट सांगता येत नाही.
गिअर पडताना पायाला एक ठोका कळतो,
शीर सापडल्यावर बोटाला कळतो तसा.
तो हवा आहे, एवढंच.

दुसरी कोपऱ्यात होती, टायरांच्या ढिगामागे.
शंभर सीसी. रंग कधीकाळी काळा.
मडगार्डच्या आत बोट फिरवलं तर पिवळं लागलं.
इनासमाम उकिडवा बसून बराच वेळ नंबर वाचत राहिला.
कोणाची, ते ओळखलं असावं.
सांगितलं नाही.
चेन उचलून बघितली, ऑइलचा थेंब चोळून हुंगला,
मग सीटवर थाप मारली, "बस. चवडे नव्हेत, टाचा टेक."

टेकल्या.
दोन्ही. पुऱ्या.
खाली ग्रीसचं डबकं होतं, त्यात टेकल्या.

बावीस म्हणाला, अठरावर आला,
वर आरसा फुकट, तोही एकच.
हेल्मेट मात्र इनासमामनं जुनं घेऊ दिलं नाही.
"दुसऱ्याची गाडी चालते," म्हणाला, "दुसऱ्याची कवटी नाही."

दीड महिन्यानं, एका सोमवारी,
चोडणहून निघालेली फेरीबोट रायबंदरला लागली.
लोखंडी फळी खडाडली. उतार ओला.
सगळे हॉर्न माझ्या पाठीत.
मी क्लच सोडला, जरा लवकरच, आणि अर्ध्या चढावर
गाडी गप्प.
एक किक. आणखी एक.
पाठीमागून कोणीतरी माझ्या आईची चौकशी केली.
टाचा टेकलेल्या होत्या.
उतरले. न्यूट्रल. पोट सीटला लावलं
आणि ढकलत नेली,
पाठीवर चोडणच्या चार घरांचं रक्त,
जराही न हिंदकळता.

वर माडाखाली उभी केली, घाम पुसला.
चालू व्हायला तिनं तिसरी किक घेतली.
तोवर पोदेराची सायकलसुद्धा
पोंव पोंव करत पुढे निघून गेली होती.
पावणेसात.
मळ्यातले वेर्णेकर मास्तर उपाशी बसले असतील,
बाही वर करून, घड्याळाकडे बघत.